तीन वर्षांचा समुद्र

गेल्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका शाळेने मला ‘करिअर मार्गदर्शन’ करायला बोलावलं. विषय होता, ‘सागरी जीवशास्त्रज्ञ कसं व्हावं?’ मी नेहमीप्रमाणे स्लाइड्स घेऊन गेले. देवमुशी, प्रवाळ, ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं, आणि शेवटी स्कुबाचा सूट घालून अंगठा वर केलेला माझा फोटो. (पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘झकास’ असा नसतो, ‘वर चला’ असा असतो. पण फोटो काढणाऱ्याला ते कोण सांगणार.) प्रश्नोत्तरांत दहावीतली एक मुलगी उभी राहिली. “ताई, पगार किती मिळता?”

सर हसले. मुलं हसली. मीही हसले आणि म्हणाले, “आवड असेल तर पैसा मागून येतो.”

हे मी धादांत खोटं बोलले. पैसा मागून येत नाही. मागितल्याशिवाय तर अजिबात येत नाही, आणि आमच्या क्षेत्रात मागणं हेच असभ्य समजलं जातं. त्या मुलीला तेव्हा जे उत्तर द्यायला हवं होतं ते इथे देते आहे. जरा लांबलेलं आहे, आणि त्यात काही जणांना राग येईल असा मजकूर आहे.

मी देवबागची. ज्यांनी देवबाग पाहिलंय त्यांनी बहुधा ते त्सुनामी आयलंडला जाताना पाहिलंय. मालवणहून तारकर्ली, आणि तारकर्लीहून पुढे जमीन निमुळती होत जाते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर माडांखाली आम्ही. काही ठिकाणी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत चालत जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. २००९चं फयान, २०१९चं क्यार, २०२१चं तौक्ते ही आमच्याकडे वर्तमानपत्रातली नावं नाहीत, घरातल्या वस्तू कोणत्या साली गेल्या हे सांगायच्या खुणा आहेत. बाबा रापणीच्या संघात, आई मालवणच्या बाजारात मासे विकते. समुद्राचा अभ्यास करायचा हे मी ठरवलं, त्यात ‘आवड’ हा शब्द मला आजही बरोबर वाटत नाही. ज्याच्या घराला आग लागते त्याला अग्निशमनाची आवड आहे असं आपण म्हणत नाही.

तर माझा मार्ग असा. मालवणला बीएस्सी. गोव्यात एमएस्सी. त्यानंतर सहा महिने ‘इंटर्नशिप’, म्हणजे बिनपगारी काम, राहण्याजेवणाचा खर्च स्वतःचा. मग एका प्रकल्पावर सहायक, महिना अठरा हजार. मग दुसऱ्या प्रकल्पावर, महिना पंचवीस. दोन्हीकडे करार अकरा महिन्यांचा, कारण बारावा महिना दिला तर तुम्ही कर्मचारी होऊन बसाल अशी भीती. करार संपला की दोन-तीन महिने ‘ब्रेक’. साडेपाच वर्षांच्या कारकिर्दीत मला पगार मिळाला अडतीस महिने. तुलनेसाठी, केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधकांची शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आहे. ती मिळवायला नेट किंवा तत्सम परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती असलेल्यांनाही पाच वर्षांनंतर पुढे काय हा प्रश्न असतोच.

माझा चुलतभाऊ बारावीनंतर वॉटरस्पोर्ट्सच्या होडीवर लागला. सीझनमध्ये तो महिन्याला माझ्याहून जास्त कमावतो. मला त्याचा हेवा वाटत नाही, पण तो समुद्र वापरायला शिकला आणि मी समजून घ्यायला, आणि बाजाराने दोन्हींची किंमत स्पष्ट लिहून दिली आहे, हे मला दिसतं.

प्रत्येक कराराच्या शेवटी आई एकच विचारते, “मगे पुढच्या वर्षाक खंय?”

याला काही जण म्हणतील, हे तर सगळ्याच तरुणांचं रडगाणं. कंत्राटी प्राध्यापक, कंत्राटी नर्स, कंत्राटी इंजिनिअर. खरं आहे. माझं वैयक्तिक नुकसान एवढाच मुद्दा असता तर मी हा लेख लिहिला नसता, एमपीएससीचा फॉर्म भरला असता. (भरलाही आहे.) मुद्दा असा की आमच्या नोकरीचा कालावधी आणि आमच्या विषयाचा कालावधी यांचं काही म्हणजे काही जुळत नाही. प्रकल्प तीन वर्षांचा. प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर किंवा काही सेंटिमीटर वाढतं. मादी कासव अंडी घालायला येण्याएवढी मोठी व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. तारलीची वर्षं येतात आणि जातात, आणि ती का जातात हे कळायला अशी दोन-तीन चक्रं बघावी लागतात. तीन वर्षांत समुद्राबद्दल जे कळतं ते म्हणजे तीन वर्षांतलं हवामान.

एक घडलेली गोष्ट सांगते. प्रकल्पाचं नाव घेत नाही. आम्ही मालवणजवळ पाण्याखाली तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं लावली होती. मुठीत मावतील एवढी, दर तासाला एक आकडा. २०२४च्या मार्चमध्ये प्रकल्प संपला. यंत्रं ही प्रकल्पाची ‘मालमत्ता’, त्यामुळे ती काढून, पुसून, यादीवर सही करून परत पाठवायची. मी स्वतः बुडी मारून ती काढली. पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०२४मध्ये, अमेरिकेच्या ‘नोआ’ने जाहीर केलं की जगभर प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक लाट सुरू आहे. मे महिन्यात स्कुबावर काम करणारा एक मित्र घरी आला. त्याच्या मोबाइलवर फोटो होता, फिकट पडलेल्या प्रवाळाचा. “ह्या काय ता?” मी बघत बसले. ते ब्लीचिंग होतं, की गाळ बसला होता, की कॅमेऱ्याचा रंग? ठरवायला त्या आठवड्यांचं पाण्याचं तापमान हवं होतं. ते एका कपाटात, बॅटरी काढलेल्या यंत्रांत, नोंदवलं जात नव्हतं.

समुद्र तापण्यापूर्वी आमच्या हिशेबाचं वर्ष संपलं, एवढंच.

याउलट लक्षद्वीप बघा. १९९८च्या मोठ्या ब्लीचिंगनंतर रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रवाळाची मोजणी सुरू केली आणि सोडली नाही. चोवीस वर्षांनी ते सांगू शकले की आगत्ती, कदमत आणि कवरत्तीच्या परिसरात जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८मध्ये सुमारे ३७ टक्के होतं, ते २०२२मध्ये सुमारे १९ टक्क्यांवर आलं. हे एक वाक्य लिहायला चोवीस वर्षं लागली. त्याची किंमत हुशारीत नाही, न सोडण्यात आहे. मालवणच्या समुद्राबद्दल असं एखादं वाक्य लिहायचं तर ते कोण लिहिणार? अकरा महिन्यांच्या करारावरची मी?

आणि मालवण काही कोपऱ्यातलं, दुर्लक्षित ठिकाण नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. गावाला विचारून ते झालं नाही, म्हणून गावाने ते कधी आपलं मानलं नाही. आजही वाडीत ‘अभयारण्य’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, होडी बंद करणार काय? पुढे २०११ ते २०१७च्या दरम्यान संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा मोठा प्रकल्प सिंधुदुर्गात झाला. त्यातून चांगली कामं झाली, हे मान्य करायला हवं. ट्रॉलरसाठी चौकोनी आसाच्या जाळ्या, कालवं आणि खेकड्यांची शेती, प्रवाळांची पाहणी. डॉ. सारंग कुलकर्णींसारख्या माणसाने तारकर्लीत स्कुबा प्रशिक्षणाची संस्था उभी केली, आणि आमच्या गावची पोरं पाण्याखाली आपण काय चालवतो आहोत ते प्रथमच बघू लागली. पण प्रकल्प म्हणजे प्रकल्प. त्याला शेवटची तारीख असते, समारोपाचा कार्यक्रम असतो आणि गुळगुळीत कागदावरचा अहवाल असतो. समुद्राला समारोप नसतो.

आता दुसरा मुद्दा, जो मला जास्त झोंबतो. समुद्राचं विज्ञान कुठे राहतं? वन्यजीवांच्या अभ्यासाची सरकारी संस्था डेहराडूनला, समुद्रापासून जेवढं लांब जाता येईल तेवढी. वन्यजीवशास्त्राची नावाजलेली एमएस्सी बंगळूरला. सागरी संवर्धनातल्या नामवंत स्वयंसेवी संस्था बंगळूर, म्हैसूर इथे. या संस्थांचं काम उत्तम आहे, मी त्यांचे पेपर वाचूनच शिकले. पण याचा परिणाम असा होतो की शास्त्रज्ञ ‘फील्ड’वर येतो आणि आम्ही ‘फील्ड’ असतो. फील्डवर राहणारा माणूस फार तर ‘फील्ड असिस्टंट’ होतो. तो होडी चालवतो, माशाचं नाव सांगतो, भाषांतर करतो, आणि पेपरच्या शेवटी आभारात पहिल्या नावाने येतो. आडनाव कोणी विचारलेलं नसतं.

माझ्या आईचं उदाहरण देते. ती तीस वर्षं एकाच मापाच्या टोपलीत बांगडे भरते आहे. एकदा सहज म्हणाली, “आदी हेच्यात चाळीस मावत, आता साठ मावतत.” मी जेवता जेवता थांबले. मासा लहान होत चालला आहे, हे सांगायला आमच्याकडे शेकडो मासे पट्टीवर मोजून आलेख काढतात. तो आलेख आईच्या टोपलीत होता. मी ते माझ्या अहवालात घातलं. संशोधनाच्या नैतिक नियमांनुसार नाव द्यायचं नसतं, म्हणून तिथे ती ‘स्थानिक माहितीदार क्र. ७’ झाली. नियम तिच्या रक्षणासाठी आहे, मला कळतं. पण तीस वर्षांचं निरीक्षण करणारी बाई क्रमांक आणि तीन महिने येऊन गेलेला विद्यार्थी लेखक, याला मी रक्षण म्हणू शकत नाही.

अपवाद आहेत. केतकी जोग, मिहिर सुळे, ईशा बोपर्डीकर आणि सहकाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या डॉल्फिनांबद्दल मच्छीमारांना काय ठाऊक आहे आणि काय वाटतं, हाच विषय घेऊन अभ्यास केला आणि तो २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. म्हणजे हे करता येतं. पण तसं करायचं ठरवावं लागतं, तेवढा काळ इथे राहावं लागतं, आणि राहायला पगार लागतो.

तिसरा मुद्दा भाषेचा. २०२०मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कल्याण डे, मंदार नानजकर, संभाजी मोटे आणि बबन इंगोले यांनी मालवण अभयारण्यातल्या हौशी स्कुबा पर्यटनामुळे प्रवाळाचं कसं नुकसान होतं यावर शोधनिबंध लिहिला. आमच्यासाठी यापेक्षा महत्त्वाचा कागद कुठला असू शकेल? तो इंग्रजीत आहे, विकत घ्यावा लागतो, आणि माझ्या वाडीतल्या एकाही होडीवाल्याने तो वाचलेला नाही. दोष लेखकांचा नाही. शास्त्रज्ञाच्या बढतीत परदेशी नियतकालिकाला गुण असतात, मालवणच्या धक्क्यावर लावलेल्या मराठी पानाला शून्य. पण ज्यांनी पर्यटकाला प्रवाळावर उभं करायचं थांबवायला हवं त्यांनाच ही गोष्ट सांगितली जात नसेल, तर ते संवर्धन कोणाचं?

इथे आमची रापण आठवते. किनाऱ्यावरून टाकलेलं मोठं जाळं, दोन्ही टोकांना दोर, आणि दोर ओढायला अख्खी वाडी. मासळी आली की वाटे पडतात. ज्याने दोर ओढला त्याला वाटा, हा त्यातला साधा कायदा. आमच्या समुद्राच्या विज्ञानात दोर आम्ही ओढतो. वाटे मात्र किनाऱ्यावर पडत नाहीत.

आता माझ्या माणसांना राग येईल असा भाग. स्थानिक म्हणजे आपोआप शहाणा, हे मी मानत नाही. प्रवाळावर नांगर टाकणारे आमचेच आहेत. बंदी असूनही एलईडीच्या झगमगाटात मासे गोळा करणाऱ्या बोटींवर कोकणचेच मालक आहेत. पर्ससीनवाल्यांविरुद्ध घसा फोडून बोलणारे बारीक आसाच्या जाळ्याबद्दल गप्प बसतात. कर्लीतल्या वाळूवरून भांडणं झाली ती गावागावांतच. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? स्थानिकांना बाजूला ठेवा, असा? की इथे असा एखादा माणूस वर्षभर असू द्या, ज्याचं काम आकडे ठेवणं आहे आणि जो त्या आकड्यांसह उद्या सकाळी त्याच धक्क्यावर उभा असेल?

कारण आकडे उपयोगी पडतात. पारंपरिक मच्छीमार पर्ससीनविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडत होते, मारामाऱ्या झाल्या, गुन्हे दाखल झाले. पण ५ फेब्रुवारी २०१६ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तेव्हा त्याच्या पाठीशी सोमवंशी समितीचा शास्त्रीय अहवाल होता. पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२पर्यंत खाली आणावेत असं त्या अहवालाने सुचवलं होतं. आदेशाची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा आणि दुःखद लेख होईल. पण माझ्या बाबांसारख्या माणसाने ‘सोमवंशी’ हा शब्द मंत्रासारखा उच्चारलेला मी ऐकलाय. विज्ञान गरिबाच्या हातात आलं की ते हत्यार होतं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

यावर हमखास येणारं उत्तर, पैसे नाहीत. ते जरा तपासू. मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला ‘सी वर्ल्ड’ करायचं घाटत होतं, गावांनी विरोध केला. म्हणजे खरा समुद्र पलीकडे असताना काचेतल्या समुद्रासाठी शेकडो एकर जमीन हवी होती. आता संगमाच्या दक्षिणेला, निवतीजवळ, नौदलाची निवृत्त नौका ‘आयएनएस गुलदार’ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायचा प्रकल्प आहे. केंद्राने त्याला सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. मी त्या प्रकल्पाच्या विरोधात नाही, आमच्या पोरांना त्यातून काम मिळेल. फक्त हिशेब मांडते. सिंधुदुर्गात समुद्राला लागलेले तालुके तीन, देवगड, मालवण, वेंगुर्ला. प्रत्येक तालुक्यात दोन सागरी परिसंस्था-अभ्यासक नेमले, प्रत्येकाला जेआरएफएवढेच ३७,००० दिले, तर वर्षाचा खर्च २६ लाख ६४ हजार. तेवढेच पैसे होडी, डिझेल आणि यंत्रांसाठी ठेवा. वर्षाला साधारण ५३ लाख. ४७ कोटींत हे काम अठ्ठ्याऐंशी वर्षं चालतं. पगारवाढ, महागाई धरून निम्मं करा, तरी चव्वेचाळीस. लक्षद्वीपची मालिका चोवीस वर्षांची आहे.

तेव्हा पैसे नाहीत असं नाही. बुडवायच्या जहाजाला आहेत, बुडी मारणाऱ्या माणसाला नाहीत.

दुसरं उत्तर जास्त गोड असतं. ‘ही नोकरी नाही, हे व्रत आहे.’ हे वाक्य ज्यांनी मला ऐकवलं त्यातल्या बहुतेकांच्या घराचे हप्ते फिटलेले होते. व्रत परवडणाऱ्याने जरूर करावं. पण बिनपगारी इंटर्नशिप, स्वखर्चाचा स्कुबा कोर्स आणि करारांमधले रिकामे महिने या तीन चाळण्यांतून शेवटी कोण उरतं? ज्याच्या बापाला रापणीच्या वाट्यावर घर चालवायचं नाही तो. मग आपण परिसंवाद भरवतो आणि विचारतो, मच्छीमार समाजातले तरुण या क्षेत्रात का येत नाहीत?

माझ्या मागण्या क्रांतिकारक नाहीत. समुद्राला लागलेल्या प्रत्येक तालुक्यात कायम पदं, प्रकल्पाबाहेरची. पाण्याचं तापमान, गढूळपणा, प्रवाळाचं आच्छादन आणि बाजारातल्या माशांची लांबी अशा मोजक्या नोंदी, त्याच जागी, त्याच पद्धतीने, न थांबता. यंत्रं प्रकल्पाच्या नव्हे, तालुक्यातल्या कॉलेजच्या ताब्यात, म्हणजे मार्चअखेर समुद्रातून काढावी लागणार नाहीत. ज्या संशोधनाला इथल्या समुद्राची परवानगी हवी, त्याने सहा महिन्यांत निष्कर्षांचं मराठी पान ग्रामपंचायतीत द्यावं ही अट. बिनपगारी इंटर्नशिप बंद. आणि जिचं निरीक्षण वापरलं, तिला विचारून, तिची इच्छा असेल तर, तिचं पूर्ण नाव, आडनावासह.

माझा आताचा करार फेब्रुवारीत संपतो आहे. पुढे काय, आईला अजून सांगितलेलं नाही. एमपीएससी निघाली तर कदाचित कुठल्या तरी तहसील कार्यालयात, समुद्र न दिसणाऱ्या तालुक्यात असेन.

पण त्याआधी मी त्या शाळेत पुन्हा जाणार आहे. सरांना फोन केलाय, ते हो म्हणाले. स्लाइड्स नेणार नाही. फळ्यावर आकडे लिहीन. साडेपाच वर्षं, अडतीस महिने, अठरा हजार, पंचवीस हजार, आणि शेजारी ३७,००० आणि ४७ कोटी. त्या मुलीला सांगेन की तिचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता, त्या दिवशी त्या खोलीत विचारला गेलेला तो एकमेव शास्त्रीय प्रश्न होता. या क्षेत्रात यायचं असेल तर जरूर ये, बाय. फक्त येताना तो विसरू नकोस, आणि पहिल्या मुलाखतीत टेबलाच्या पलीकडच्या माणसाने आवडीबद्दल विचारलं की तोच विचार.